सुताराच्या बेंचला होल्डफास्ट : पकड लोखंडाची, हात मोकळा

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात कारखाना शाखेच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्ग म्हटला की महागाई भत्ता, पेन्शन, रिकाम्या जागा, कंत्राटीकरण हे विषय ओघाने येतात. त्यांवर बोलणारी जाणती मंडळी आज येथे हजर आहेत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली, सुतारखात्यात हयात घालवलेली माणसे. तेव्हा आम्ही एका साध्या लोखंडी आकड्याविषयी बोलायचे ठरवले आहे. त्याचे नाव होल्डफास्ट. टपालातले बंधू मनात म्हणतील, याचा आमच्याशी काय संबंध? थोडा धीर धरा, तुमच्याकडेही येतो.

प्रथम नावाचा घोटाळा मिटवू. इमारतीचे काम करणारा सुतार होल्डफास्ट म्हणतो तो दाराच्या चौकटीला ठोकून भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्टीला. आम्ही म्हणतो तो बेंचचा होल्डफास्ट. एक गोल सळई, वीतभराहून थोडी लांब सरळ ठेवलेली. वरचा भाग बगळ्याच्या मानेसारखा वाकवून पुढे आणलेला आणि टोक चपटे केलेले. बेंचच्या भोकात सळई सोडायची, चपट्या टोकाखाली लाकूड ठेवायचे आणि डोक्यावर एक टोला द्यायचा. लाकूड जागेवर बसते. सळईच्या पाठीवर उलटा टोला दिला की सुटते. ना स्क्रू, ना हँडल, ना फिरवाफिरव.

आता मूळ मुद्दा. लाकडावर काम करताना दोन कामे असतात. एक हत्यार चालवण्याचे आणि दुसरे लाकूड हलू न देण्याचे. पहिल्या कामाला ट्रेड टेस्ट आहे, ग्रेड आहे, बढती आहे. दुसऱ्या कामाची कोठे नोंदच नाही. गावचा सुतार जमिनीवर बसतो आणि पायांनी लाकूड दाबून धरतो. त्याचे पाय हाच त्याचा व्हाइस. ही पद्धत हलकी समजू नका, तिने आपल्याकडचे वाडे आणि देवळांचे सभामंडप उभे केले. पण ती बसून काम करण्याची पद्धत आहे. रेल्वेच्या कारखान्यात काम उभ्याने. बेंच कमरेइतके उंच आणि पाय जमिनीवर. मग लाकूड धरणार कोण? व्हाइस असेल तर व्हाइस धरतो, पण तो बेंचच्या कडेला असतो. चार फुटांची फळी बेंचवर आडवी टाकून मधोमध खाच पाडायची झाली तर तो उपयोगी पडत नाही. अशा वेळी हाक जाते, "खलाशी, धर रे!" खलाशी नसला तर अप्रेंटिसला, आणि तोही नसला तर आपल्याच डाव्या हाताला.

एका कारखान्यातली हकीकत आम्हाला जवळून ठाऊक आहे. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे पुष्कळ आहेत. चौकटीच्या लाकडाला खाच पाडणे चालू होते. अप्रेंटिस पोरगा दोन्ही हातांनी लाकूड दाबून उभा होता. लाकडात गाठ आली, पटाशी घसरली आणि पोराच्या अंगठ्याच्या बेचक्यात शिरली. टाके पडले. अंगठा वाचला, पण मूठ पूर्वीसारखी मिटत नाही. अपघाताच्या नोंदवहीत कारण लिहिले गेले : "कामगाराचा निष्काळजीपणा." दोन शब्दांत प्रकरण मिटले. आम्ही त्या बेंचपाशी जाऊन उभे राहिलो. बेंचला एक भोक नव्हते, एक अडसर नव्हता, क्लॅम्प स्टोअरमध्ये कुलपात होते. जिथे लाकूड धरायला माणसाच्या हातावाचून दुसरे काहीच ठेवलेले नाही, तिथे निष्काळजीपणा कोणाचा, हे आपणच ठरवा.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांचा हिशेब मांडलेला होता. अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीचे नुकसान ३० टक्के, अंगठ्याचे नुसते वरचे पेर गेले तर २० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के. असा हिशेब कायद्यात असणे जरूरच आहे आणि आपल्या आधीच्या पिढ्यांनी त्यासाठी झगडून लोकांना भरपाई मिळवून दिली. पण तो हिशेब अंग गेल्यानंतरचा. आपले पोट हातावर आहे असे आपण म्हणतो, तर तो हात जाऊच नये याची सोय आधी व्हायला हवी. ती सोय किलोभर लोखंडात होते, म्हणून एवढे बोलणे.

काही जण म्हणतील, आता रेल्वेत लाकूड राहिले कोठे? प्रश्न रास्त आहे. १९५५ साली पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली आणि पोलादी डब्यांचे युग आले. त्या नमुन्याच्या डब्यांचे उत्पादनही २०१८ मध्ये थांबले आणि त्यांची जागा एल.एच.बी. डब्यांनी घेतली. सुतारखाते आकसले हे खरे. पण प्लायवूडची डागडुजी, कपाटे, टेबले, खिडक्या-दरवाजे, ओतकामाचे लाकडी नमुने, पॅकिंगच्या पेट्या ही कामे संपलेली नाहीत. उलट माणसे कमी झाल्यामुळे "धर रे" म्हणायलाही जवळ कोणी उरलेले नाही. सुतार एका हाताने लाकूड धरतो आणि दुसऱ्याने पटाशी मारतो. म्हणजे होल्डफास्टची गरज घटलेली नसून वाढलेली आहे.

ही वस्तू नवी नाही. लंडनच्या जोसेफ मॉक्सन याने १६७८ पासून हप्त्याहप्त्याने कारागिरीचे पुस्तक काढले, त्यातल्या सुतारकामाच्या भागात बेंच आणि होल्डफास्ट दोन्ही आहेत. त्यानंतर पॅरिसमध्ये आंद्रे-जाकोब रूबो नावाचा सुतार होऊन गेला (१७३९–१७९१). सुताराचा मुलगा, स्वतः सुतार. त्याने १७६९ ते १७७५ या काळात सुतारकामावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यातली पुष्कळ चित्रे स्वतः काढली. बेंच कसे असावे, भोके कशी असावीत, हे त्याने कारागिराच्या नजरेने मांडले. फ्रेंच सुतार या आकड्याला 'वाले' म्हणतात. त्याचा अर्थ चाकर. बेंचचा चाकर लोखंडाचा असावा, माणसाचे पोर नसावे, एवढी समज त्या शब्दात आहे. आपल्या आय.टी.आय.च्या कारपेंटर ट्रेडमध्येही होल्डफास्टचा धडा असतो. पोरे परीक्षेत त्याची आकृती काढून गुण मिळवतात आणि कारखान्यात आल्यावर लाकूड हाताने धरतात.

आता तो पकडतो कसा हे समजून घेऊ, कारण हे समजले की बसवण्यातल्या निम्म्या चुका टळतात. भोक सळईपेक्षा किंचित मोठे असते. डोक्यावर टोला बसला की चपटे टोक लाकडावर दाबले जाते आणि लाकूड त्याला उलट वर रेटते. त्यामुळे सळई भोकात तिरकी होते. वरच्या बाजूला ती भोकाच्या मागच्या कडेला रुतते आणि खालच्या बाजूला पुढच्या कडेला. या दोन ठिकाणच्या घर्षणावर सगळी पकड अवलंबून आहे. वाकलेली मान स्प्रिंगसारखी ताणलेली राहते आणि तो ताण टिकवते. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भोक फार ढिले नको, बेंचची फळी फार जाड नको आणि सळईला तेल नको.

तिसरी गोष्ट मुद्दाम सांगतो. आपण रेल्वेची माणसे, लोखंड दिसले की तेल लावायची आपली सवय. होल्डफास्टच्या दांड्याला तेल किंवा ग्रीस लावले तर तो कामातून गेला. थोडा गंज चढला तरी चालेल.

तयार होल्डफास्ट बाजारात मिळतात. पण बिडाचा घेऊ नये. बीड टोल्याखाली तुटते आणि तुकडा उडतो. घडीव किंवा चांगल्या पोलादाचा घ्यावा. लोहारखात्याची सोय असेल तर तिथे उत्तम होतो. १८ मि.मी. माइल्ड स्टीलची साधी गोल सळई घ्यावी. वजनाचा आपला नेहमीचा हिशेब, व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला २ किलो. एका नगाला साधारण अर्धा मीटर लागते, म्हणजे एक किलो लोखंड. पैकी १० ते ११ इंच दांडा सरळ ठेवावा आणि उरलेला भाग लालभडक तापवून ऐरणीवर वाकवावा. टोक पानासारखे चपटे करावे. दांडा उभा असताना त्या पानाचे फक्त पुढचे टोक लाकडाला टेकले पाहिजे. टोला बसल्यावर बाकीचे आपोआप टेकते. नंतर हवेत निवू द्यावे. काँक्रीटची पिळाची किंवा काट्यांची सळई वापरू नये, ती भोक खाते.

आता बेंचवर बसवणे. होल्डफास्ट लाकडाला बेंचशी बांधतो, पण बेंचच डुगडुगत असेल तर त्याचा उपयोग काय? म्हणून आधी बेंचचे पाय, पाचरी, बोल्ट पक्के करावेत. मग वरच्या फळीची जाडी मोजावी. अडीच ते तीन इंच जाडीचे सागवान, शिसम, बाभूळ असे घट्ट लाकूड असेल तर उत्तम. दोन इंचांहून पातळ असेल तर भोकाच्या जागी खालून एक ठोकळा सरस आणि स्क्रूने बसवून जाडी वाढवावी. साडेतीन-चार इंचांची फळी असेल तर उलटा त्रास होतो. फळी जितकी जाड तितके सळईचे दोन टेकू एकमेकांपासून लांब जातात, त्यांवरचा दाब कमी होतो आणि पकड सुटते. अशा फळीला खालच्या बाजूने इंच-सव्वा इंच व्यासाचे मोठे भोक घेऊन वर दोन-अडीच इंचच मूळ भोक शिल्लक ठेवावे. वरून पत्रा मारलेले बेंच असेल तर ते दुसऱ्या कामाला ठेवावे, त्यात भोके पाडू नयेत.

जागा ठरवताना घाई करू नये. होल्डफास्टची मान साधारण ७ इंचांपर्यंत पोचते. एका भोकाभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा, ती त्या भोकाची हद्द. दोन भोकांच्या हद्दी एकमेकांत शिरल्या पाहिजेत, म्हणून त्यांतले अंतर १४ इंचांहून जास्त ठेवू नये. एक ओळ बेंचच्या मागच्या अंगाला, दुसरी पुढच्या कडेपासून सहा-सात इंचांवर, आणि दोन्ही ओळींतली भोके समोरासमोर न घेता आलटूनपालटून घ्यावीत. खाच पाडायचे काम पायाच्या जवळ करावे, तिथे बेंच दणकट असते. मात्र पायाच्या सांध्यात भोक जाऊ देऊ नये. आणि खाली वाकून पाहिल्याशिवाय खूण करू नये. ड्रॉवर, आडवी पट्टी, बोल्ट, खिळा, कोणी ओढून घेतलेली विजेची वायर, काय असेल सांगता येत नाही. आमचा सल्ला असा की आधी तीनच भोके पाडा. महिनाभर काम करा. चौथे कुठे हवे ते काम आपणच सांगेल.

भोक सहा सुताचे, म्हणजे पाऊण इंचाचे, म्हणजे १९ मि.मी.चे. ते सरळ उभे पडले पाहिजे. मशीन शॉपमध्ये एका ठोकळ्याला ड्रिलिंग मशीनवर १९ मि.मी.चे सरळ भोक पाडून घ्या. तो ठोकळा खुणेवर क्लॅम्पने बसवा आणि त्याच्यातून गिरमिट किंवा ड्रिल उतरवा. ठोकळा नसेल तर दोन बाजूंना दोन गुण्ये उभे करून एका साथीदाराला डोळा लावायला सांगा. गिरमिटाचे टोक खालून डोकावले की थांबा आणि उरलेले भोक खालच्या बाजूने पुरे करा, म्हणजे ढलप्या निघणार नाहीत. ड्रिलने करत असाल तर खाली भंगार फळी घट्ट लावून घ्या. शेवटी वरची-खालची कड कानशीने अगदी किंचित मारा, जास्त नाही, कारण पकड त्या कडांवरच आहे.

बसवल्यावर तपासा. दोन-तीन टोल्यांत पकडला पाहिजे. घसरत असेल तर ८० नंबरचा एमरी दांड्याभोवती आडवा फिरवून गुळगुळीतपणा काढा, बहुतेक वेळा एवढ्याने भागते. तरीही घसरला तर फळीची जाडी पुन्हा मोजा. भोक मोठे झाले असेल तर त्याच जातीच्या लाकडाची गोल खुंटी सरस लावून ठोका आणि नवे भोक पाडा. पुढच्या पायाच्या दर्शनी बाजूलाही दोन-तीन आडवी भोके घ्या. लांब फळीची कड रंधायची असते तेव्हा फळीचे एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरे पायातल्या होल्डफास्टखाली धरता येते. त्या कामाला माणूस लागत नाही.

वापरण्याचे नियमही थोडे आहेत. टोकाखाली नेहमी लाकडाचा चपटा तुकडा ठेवावा, नाहीतर कामावर वळ उठतो. टोला शक्यतो लाकडी मोगरीने द्यावा. हातोडीच वापरायची तर डोक्याला फुटलेले काठ वेळच्या वेळी ग्राइंडरवर काढावेत, ते उडून डोळ्यात जातात. चष्मा लावावा. टोला देण्यापूर्वी बेंचखाली कोणाचा हात किंवा गुडघा नाही ना हे पाहावे. थरथरणारे विजेचे यंत्र चालवायचे असेल तर स्क्रूचा क्लॅम्प घ्यावा, कारण थरथरीने होल्डफास्ट सैल होऊ शकतो. आणि काम संपले की तो काढून खुंटीला टांगावा.

आता टपालातल्या बंधूंकडे येतो. आर.एम.एस.च्या डब्यात आणि सॉर्टिंगच्या खोलीत पत्रे टाकायचे खण असलेली जी लाकडी कपाटे वर्षानुवर्षे वापरली गेली, ती कोणा सुताराच्याच हातची. पण संबंध तेवढाच नाही. थैलीचे तोंड उघडे धरून एक माणूस उभा आणि दुसरा आत टपाल टाकतो आहे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. थैली अडकवायचा लोखंडी स्टँड आला की त्या पहिल्या माणसाचे हात मोकळे होतात आणि कंबरही वाचते. तो स्टँड म्हणजे तुमचा होल्डफास्टच. प्रत्येक खात्यात असे एक "नुसते धरून ठेव" काम असते. ते कोणाच्या कामाच्या यादीत नसते, त्याला भत्ता नसतो, आणि बहुधा ते सर्वांत नव्या, सर्वांत गरजू माणसाच्या वाट्याला येते. आपापल्या खात्यात ते काम कोणते, हे शोधून पाहा.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. उद्या सकाळी उत्साहाने सरकारी बेंचला भोके पाडू नका आणि लोहारखात्यात परस्पर आकडे घडवून घेऊ नका. आपल्याच माणसावर चार्जशीट यायला तेवढे कारण पुरते. सेक्शनच्या इंजिनियरला लेखी द्या : कोणते बेंच, किती भोके, किती नग, किती किलो लोखंड. त्याची पोच घ्या. वर्क ऑर्डर निघू द्या. सुरक्षा समितीच्या बैठकीत विषय मांडा. तिथे अडला तर पी.एन.एम. आहेच. १९५२ पासून ही वाटाघाटीची व्यवस्था आपल्या हाती आहे, ती फक्त बदल्या आणि क्वार्टर्ससाठी नाही. लेखी मागणीचा आणखी एक फायदा असतो. पुढे दुर्दैवाने अपघात झालाच तर नोंदवहीत "निष्काळजीपणा" लिहिणाऱ्यापुढे आपण तारखेसह कागद ठेवू शकतो की साधन मागितले होते, दिले नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा आकड्यासाठी युनियनने वेळ का घालवावा? आमचे म्हणणे असे की मोठी मागणी मान्य व्हायला वर्षे लागतात आणि त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागते. ही मागणी शॉपच्या दारातच सुटते. ती सुटली की दुसऱ्या दिवशीपासून एका पोराचे दोन हात पटाशीच्या वाटेतून बाजूला होतात. शिवाय अशा कामातून नव्या पोरांना कळते की युनियन त्यांच्या बेंचपर्यंत येते.

तेव्हा प्रत्येक कारखाना शाखेने परत गेल्यावर तीन कामे करावीत. आपल्या सुतारखात्यातली बेंचे मोजावीत आणि किती बेंचांना धरायचे साधन आहे ते लिहून काढावे. मागच्या पाच वर्षांच्या नोंदवहीतून हाताला इजा झालेल्या नोंदी वेगळ्या काढाव्यात आणि त्या वेळी लाकूड कोण धरून होते ते माणसांना विचारावे. आणि या दोन कागदांसह लेखी मागणी द्यावी. टपालातल्या शाखांनी हेच आपल्या "धरून ठेव" कामाविषयी करावे. पुढच्या वर्गाला येताना हे कागद सोबत आणा, आपण ते एकत्र वाचू.

ज्यांना होल्डफास्ट प्रत्यक्ष पाहायचा आहे त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर एक ठेवला आहे, भोक पाडलेल्या फळीसह. हातात घ्या, टोला मारून पाहा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.